तिळाच्या तेलाची सुई

लेंड्या कुटता कुटता खलात काहीतरी कट्कन वाजलं. खडा असेल म्हणून मी दोन बोटांनी चाचपलं, तर एक चपटी, काळपट, गुळगुळीत बी हाताला लागली. बाभळीची. ती टेबलावर ठेवली आणि पुन्हा कुटायला लागलो. दोन मिनिटांनी पुन्हा कट्.

शेळीच्या वाळक्या लेंड्या कुटणं हा उच्च शिक्षणाचा भाग असतो, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. एरवी हे काम प्रयोगशाळेतली विजेवरची चक्की करायची. दोन वेळा तिनं सगळा माल निमूटपणे दळून दिला होता. तिसऱ्या वेळेला तिची मोटर जळाली, म्हणून मी खल मांडीशी घेऊन बसलो होतो. जून अर्धा सरला होता, पंखा गरम वारा फिरवत होता आणि मला फक्त झोपायचं होतं. त्या दिवसांत मला दुसरी इच्छाच नसायची.

हे सत्त्याऐंशी सालचं. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात एम.व्ही.एस्सी. करत होतो. पदवी दोन वर्षांची, माझं तिसरं वर्ष चालू होतं. पहिला प्रयोग मांडला तेव्हा बारातली नऊ करडं साथीत गेली. उरलेल्या तिघांवर काय सिद्ध करणार? दुसऱ्यांदा मांडला. वाढीचं संप्रेरक टोचलं तर कोवळ्या करडाच्या अंगी प्रथिनं जास्त लागतात का, एवढं शोधायचं होतं. खाल्लेलं अंगी लागत नाही मेल्याच्या, असं आया म्हणतात ना, ते अंगी लागणं आम्ही ग्रॅममध्ये मोजत होतो.

बारा उस्मानाबादी करडं, सगळी नर, काळीभोर, साडेतीन महिन्यांची. एक ते सहा नंबरांच्या गळ्यात लाल फीत, सात ते बारांच्या गळ्यात पांढरी. लाल फीतवाल्यांना दिवसाआड संप्रेरकाची सुई. ते संप्रेरक तिळाच्या तेलात मिसळलेलं असायचं. म्हणून पांढऱ्या फीतवाल्यांना नुसत्या तिळाच्या तेलाची सुई.

"नुसतं तेल कशाला टोचायचं सर? त्यानं काय होणार?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काहीच होणार नाही. म्हणूनच टोचायचं," निटूरकर सर म्हणाले. ते माझे मार्गदर्शक. "दोघांना सारखं धरायचं, सारखं टोचायचं, सारखं दुखवायचं. दुखणंसुद्धा समान वाटायचं, बिराजदार. मग जो फरक उरेल तो औषधाचा."

सर खोटं बोलणाऱ्याला उभं करत नसत. आदल्या वर्षी एका मुलानं वसतिगृहात बसून शेळ्यांची वजनं लिहिली होती. सरांनी त्याला आठ दिवसांत घरी धाडलं. "पोरगा हुशार होता," असं ते नंतर म्हणायचे, "म्हणूनच घालवला." हुशारीच्या बाबतीत मला धोका नव्हता, पण ही गोष्ट मी विसरलो नव्हतो.

तीन महिने चालला प्रयोग. मार्च, एप्रिल, मे. चारा तोलायचा, उष्टं तोलायचं, करडं तोलायची. शेवटचे सात दिवस त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून लेंड्या न् मूतसुद्धा तोलायचं. प्रथिनात नत्र असतो. पोटात गेलेल्या नत्रातून बाहेर पडलेला नत्र वजा केला की उरला तो अंगी लागला, असा साधा हिशोब.

वजनं तर झकास आली. लाल फीतवाली करडं पांढऱ्यांच्या दीडपट वाढली. सर स्वतः शेडवर बघायला आले. मी खाकी कोट घालून दारात दिसलो तशी लाल फीतवाली सहाही उड्या मारत पार भिंतीला जाऊन भिडली.

"पाहिलंत? चपळाईसुद्धा वाढलीय," सर खुशीत म्हणाले. "लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं.

मग नत्राचे आकडे आले आणि सगळं फिसकटलं. दीडपट वाढलेल्या करडांच्या अंगी नत्र लागला होता पांढऱ्यांपेक्षाही कमी. जितकं त्यांनी खाल्लं होतं, त्या मानानं बाहेर फारच पडत होतं.

"वजन वाढतंय आणि अंगी काही लागत नाही," सर कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले. "हे मांस काय हवेतून आलं? तुमच्या हातात कुठंतरी चूक आहे. पुन्हा करा."

पुन्हा केलं. तेच आलं. पुन्हा करा. जुलैत सरांना हे निष्कर्ष मोठ्या परिषदेत मांडायचे होते, आणि महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर माझं नाव पटावरून जाणार होतं. म्हणून तो खल, म्हणून ती दुपार.

तासाभरात टेबलावर अकरा बिया जमल्या. लेंड्यांचे डबे बारा होते. मी सगळे उपडे करून पाहिले. बिया निघाल्या त्या एक ते सहा नंबरांच्या डब्यांतून. सात ते बारामध्ये एकही नाही.

आमच्या चाऱ्यात बाभूळ नव्हतीच. मी बिया तशाच टेबलावर टाकल्या आणि उन्हातून शेडकडे निघालो.

शेडवर केवळबाई होती. केवळबाई सुरवसे. अकरा वर्षं रोजंदारीवर करडं सांभाळत होती. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळी, आणि शेड इतकी स्वच्छ झाडायची की जमिनीवर पडलेली गोळी सापडावी. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी विद्यापीठाकडे गेली होती आणि तिचं नाव त्यात चौथं होतं. ते तिनं मला किमान वीस वेळा सांगितलं होतं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

ती कडब्याच्या पेंढीवर बसून विळ्यानं पेंढ्यांचे बंध कापत होती.

"मावशी, करडांना बाभळीच्या शेंगा घातल्या का कुणी?"

"कुनी कशाला? म्याच घालतीव की," ती मान वर न करता म्हणाली. "घराकडनं येताना वड्याच्या काठाला पडल्याल्या असत्यात. वट्यात भरून आनते."

"कधी घालता?"

"तुमी सुई टोचून गेलाव की. सुई खाल्ल्याल्या लेकराला रिकाम्या तोंडानं ठिऊ न्हाई, डाक्टर. आमच्या पोरांला बी टोचून आनलं की गुळाचा खडा द्यायची मी. रडनं इसरतंय."

"रोज?"

"सुईच्या दिवशी वट्याभर. मदल्या दिवशी थोडथोड्या. येकदा गोडी लागली की वाट बगत्यात ती." तिनं विळा खाली ठेवला. "का? काय बिघडलं का?"

बाभळीच्या शेंगांत प्रथिनं भरपूर. वजन कुठून आलं ते कळलं, बाहेर नत्र जास्त का पडत होता तेही कळलं. एकच विचारायचं उरलं होतं, आणि खरं तर त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

"आणि पांढऱ्या फीतवाल्यांना?"

"त्यांला कुटं सुई व्हती?" केवळबाई म्हणाली.

नव्हती. पहिले दहा दिवस मी बाराही करडांना टोचलं. तेल घट्ट, सुई जाड. एकेका करडाला पायांत दाबून धरायचं, मांडीत सुई घालायची, सावकाश दाबायचं, तोवर ते जिवाच्या आकांतानं ओरडणार. सहा झाली की माझी कंबर धरायची. मग पुढची सहा. अकराव्या दिवशी मनात आलं, नुसतं तेल तर आहे, त्यानं काय होणार? त्या दिवशी सोडलं. मग सुटलंच. रजिस्टरमध्ये मात्र मी बाराही खुणा नेमानं करत होतो. सर दहाला यायचे, मी साडेसहालाच उरकलेलं असायचं.

मी बाराही टोचली असती, तर मावशीनं बाराही करडांना शेंगा घातल्या असत्या. दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या. प्रयोगाला धक्का लागला असता, पण फरकाचं असं वाटोळं झालं नसतं. दुखणं समान वाटलं नाही म्हणून शेंगाही समान वाटल्या गेल्या नाहीत.

"डाक्टर, तोंड कामून उतरलंय तुमचं?"

"काही नाही मावशी. ऊन लागलं."

परत आलो तर सर माझ्या टेबलापाशी उभे, तळहातावर अकरा बिया घेऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी डबे पाहिले होते, नंबर पाहिले होते. मला काहीही विचारलं नाही. शिपायाला म्हणाले, "शेडवरच्या बाईंना बोलवा."

केवळबाई चपला दाराबाहेर काढून आत आली. पदर डोक्यावरून घेतलेला, हाताला कडब्याची धूळ. सर खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला उभा. सरांच्या पुढ्यात माझं रजिस्टर उघडं होतं.

"बाई, करडांना शेंगा तुम्ही घातल्या?"

"व्हय सायेब."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई. सुई टोचल्यावर लेकराच्या तोंडात कायतरी घालावं लागतंय, म्हनून घातले."

"तोललेल्या चाऱ्याखेरीज काही घालायचं नाही, हे सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं व्हतं. चारा घालू न्हाई मनले. शेंगा काय, मूठभर..." तिला बोलता बोलताच कळलं असावं.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमले होते. त्या क्षणी मला त्यांचीच दया आली, हे लिहायला लाज वाटते, पण आली. मग त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवलं.

"मला एक कळत नाही. सुई तर बाराही करडांना होती. ह्या बघा खुणा. मग शेंगा सहांनाच कशा?"

केवळबाईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी रजिस्टरकडे बघत राहिलो. निळ्या शाईतल्या खुणा, ओळीनं बारा बारा. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सरांना सगळं कळलंय आणि ते मुद्दाम विचारताहेत. पण त्यांना काही कळलेलं नव्हतं. ते खरंच तिला विचारत होते.

"लाल फीत लई शोभून दिसायची सायेब," केवळबाई म्हणाली. "त्याच लेकरांवर जीव जडला. पांढरी काय डोळ्यांत भरली न्हाईत."

"म्हणजे आवडती-नावडती," सर म्हणाले.

"व्हय. तसंच."

"ह्या मुलाची तीन वर्षं गेली बाई. तुमच्या आवडती-नावडतीपायी."

"चुकलं सायेब."

आताच बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. सरांनी रजिस्टर मिटलं, तोपर्यंत सांगत होतो. ते मिटल्यावर सांगायचं थांबलो.

रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. शनिवारपर्यंत या, सोमवारी येऊ नका, एवढं म्हटलं की काम होतं. यादीतलं चौथं नाव सरांनी विद्यापीठाला स्वतः लिहून खोडायला लावलं. माझ्यासाठी मात्र ते विद्यापीठात जाऊन भांडले. मुलाचा दोष नाही, कामगाराची चूक आहे, असं लिहून त्यांनी मला आणखी एक वर्ष मिळवून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रयोग मी तिसऱ्यांदा मांडला. बाराही करडांना दिवसाआड टोचलं, एकदाही न चुकता. कंबर मोडली तरी टोचलं. संप्रेरकाचा फरक निघाला, पण बेताचा. सरांनी तो जसाच्या तसा छापला, वर माझं नाव आधी घातलं. पुढे मी त्याच विषयात तीस वर्षं शिकवलं. पहिल्या तासाला मुलांना सांगायचो, दुखणंसुद्धा समान वाटायचं. मुलं लिहून घ्यायची.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं.

पाच वाजता मी शेडवर गेलो. केवळबाई सामान बांधत होती. विळा, डबा, पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं पोतं. प्रयोग संपल्यामुळे करडं पिंजऱ्यातून काढून आवारात मोकळी सोडली होती. मला बघताच लाल फिती पांगल्या.

"चहा घेतलाव का?" तिनं विचारलं. रोज विचारायची तसंच.

"मावशी, तुम्ही सरांना खरं का नाही सांगितलं?"

"कंचं खरं?"

"मी पांढऱ्यांना टोचत नव्हतो ते. तुम्हाला माहीत होतं."

"म्हायती नसायला काय झालं? रोज हितंच तर बसलेली असायची मी." ती हसली. "पयल्यांदा वाटलं इसरलाव. मग येके दिवशी तुमी सुई भरून त्या सात नंबरच्याजवळ गेलाव. वाकलाव. आन् टोचलाच न्हाईत. त्येच्या पाटीवर हात ठिवलाव, येवढा येळ. आन् उटून माघारी आलाव. तवाच म्या वळखलं."

"काय ओळखलंत?"

"की ह्या लेकराला बी माया हाय. मुक्या जिवाला बिनकामाचं कामून टोचायचं, असं आलं आसंल मनात. सायबाचं भ्या आसून बी सोडलाव." तिनं पोत्याची घडी घातली आणि त्यावर गुडघा टेकवून दाबली. "म्या शेंगा घातले ते मायेनं. तुमी सुई सोडलाव ते बी मायेनं. चूक दोगांची येकच. मग दोगांनी कामून घरी बसायचं? माजं काय, मला कुटंबी शेरडं राखता येत्यात. तुमाला शिकायचंय अजून."

मला तो दिवस आठवत होता. सोडलेलं पुन्हा सुरू करायला एकदाच गेलो होतो, तो. सहा करडं टोचून झाली होती. सातव्याशी वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की उठवेना. त्याच्या पाठीवर मी हात ठेवला होता तो उठायला आधार म्हणून. त्याचं अंग उन्हानं तापलेलं होतं, एवढंच काय ते मला त्याच्याविषयी वाटलं होतं. मला माया आली नव्हती. मला कंटाळा आला होता.

हे तिला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. सांगितलं असतं तर ती कदाचित तशीच चपला काढून सरांच्या दारात गेली असती, आणि तिचं काम वाचलं असतं. मी बोललो नाही. ह्या वेळी दमल्याचं निमित्तही नव्हतं.

"असं उबं काय ऱ्हायलाव?" ती म्हणाली. कोपऱ्यातून तिनं एक फडकं उचललं, गाठ मारलेलं. "ह्या शेंगा ऱ्हायल्यात. आता तोलायचं न्हाई ना काई?"

"नाही."

"मग त्या पांढऱ्यांला घाला. सुई सुटली तवापासनं त्यांच्या वाटनीला काईच आलं न्हाई बगा. ना सुई, ना शेंगा." तिनं फडकं माझ्या हातात दिलं, डोक्यावर बोचकं चढवलं आणि वळून न बघता फाटकाकडे चालायला लागली. फाटकापाशी थांबून तिनं कडी नीट लावली. करडं बाहेर जाऊ नयेत म्हणून ती रोज लावायची.

मी फडक्याची गाठ सोडली. शेंगांचा वास सुटला तसे सगळ्याच करडांनी कान टवकारले. लाल फीतवाल्यांना शेंगा ठाऊक होत्या, चटक होती, तरी ती भिंतीपासून हलली नाहीत. माझ्या अंगावर तो खाकी कोट होता.

पांढऱ्या फीतवाली सहाही मात्र धावत आली. सात नंबरचं सगळ्यांत पुढं. त्यानं माझ्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकले आणि तळहातावरच्या शेंगा खायला लागलं. खाऊन झाल्यावरही ते हात चाटत राहिलं. त्याला माझी भीती वाटत नव्हती.